जगन्नाथ पंडित विरुद्ध अप्पय्य दीक्षित: भांडण नेमकं कशावरून होतं?

जगन्नाथ पंडित म्हटलं की आपल्याकडे दोन गोष्टी आठवतात, गंगालहरी आणि लवंगी. ज्येष्ठात गंगादशहऱ्याला गंगालहरीचं पठण करणारी घरं आणि देवळं महाराष्ट्रात अजूनही आहेत. लवंगीची कथा संगीत नाटकामुळे ज्यांनी संस्कृतचं पुस्तक कधी उघडलं नाही त्यांच्यापर्यंतही पोचली. शाहजहानच्या दरबारातला तेलुगू ब्राह्मण पंडित, मुसलमान तरुणीवर बसलेलं प्रेम, काशीच्या ब्राह्मणांनी टाकलेला बहिष्कार, मग पंचगंगा घाटावर बसून रचलेले बावन्न श्लोक आणि श्लोकागणिक एकेक पायरी वर चढणारी गंगा.

या कथेत अप्पय्य दीक्षितही डोकावतात. एका पहाटे ते घाटावरून चालले असताना एक म्हातारा पांघरूण घेऊन झोपलेला दिसतो, शेंडी खाली लोंबतेय, शेजारी यवनी. दीक्षित म्हणतात, आयुष्याच्या शेवटाला मरण दाराशी आलं असताना असा निःशंक कसला झोपलास? पांघरूण दूर होतं, चेहरा ओळखीचा निघतो आणि दीक्षित ओळीचा सूर बदलतात: की झोपच निवांत, तुझ्यासाठी गंगा जागी आहे.

प्रसंग झकास आहे, पण घडलेला नाही. आज बहुतेक अभ्यासक अप्पय्य दीक्षितांचा काळ १५२० ते १५९३ असा धरतात. शाहजहान गादीवर आला १६२८ साली, आणि जगन्नाथाला 'पंडितराज' ही पदवी त्याच्याच दरबारात मिळाली. म्हणजे म्हातारा जगन्नाथ आणि त्याला हटकणारे दीक्षित हा मेळ काही केल्या बसत नाही. संस्कृत काव्यशास्त्रातलं सगळ्यात कडवट वैर म्हणून जे सांगितलं जातं, ते जगन्नाथाने एका मेलेल्या माणसाच्या पुस्तकांशी मांडलं होतं. दीक्षितांना उलट उत्तर द्यायची सोयच नव्हती.

म्हणून लवंगीला थोडा वेळ बाजूला ठेवून भांडणाचा मुद्दा काय होता ते पाहू. मुद्दा चांगला आहे, आणि कविता वाचणाऱ्या कोणालाही तो आजही अडवतो.

आधी दोघांची ओळख. अप्पय्य दीक्षित तमिळ प्रदेशातल्या आरणीजवळच्या अडयपालम गावचे. कट्टर शैव, वेदान्ती, आणि मीमांसक, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावण्याच्या शास्त्रातले पंडित. परंपरा त्यांच्या नावावर १०४ ग्रंथ मांडते. वेल्लोरचा चिन्न बोम्म नायक हा त्यांचा आश्रयदाता. त्याने दीक्षितांवर सोन्याच्या नाण्यांचा अभिषेक केला, असं अडयपालमच्या देवळातला १५८२ चा शिलालेख सांगतो. माणूस वादाला घाबरणारा नव्हता. मध्वाचार्यांच्या द्वैत मताच्या खंडनासाठी लिहिलेल्या ग्रंथाला त्यांनी नाव दिलं 'मध्वतन्त्रमुखमर्दन'. मुखमर्दन म्हणजे थोबाड रगडणं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

काव्यशास्त्रात त्यांची दोन पुस्तकं महत्त्वाची. 'कुवलयानंद' हे विद्यार्थ्यांसाठी. त्यातल्या कारिका, म्हणजे नियम सांगणारे छोटे श्लोक, जयदेवाच्या 'चंद्रालोक' या जुन्या पुस्तकावर बेतलेल्या, बहुतेक ठिकाणी अर्ध्या श्लोकात लक्षण आणि अर्ध्या श्लोकात उदाहरण, खाली सोपं विवरण. शंभरावर अलंकार त्यात ओळीने येतात. दुसरं 'चित्रमीमांसा', हे पंडितांसाठी. ते अतिशयोक्ती या अलंकारापर्यंत येऊन अर्धवट थांबतं. शेवटी एक मिस्कील श्लोक आहे: चित्रमीमांसा अर्धी असली म्हणून काय झालं, सूर्याचा सारथी अरुण मांड्यांवाचूनच आहे आणि शंकराच्या माथ्यावरचा चंद्रही अर्धाच आहे.

जगन्नाथ गोदावरीकाठच्या आंध्रातला. वडील पेरुभट्ट काशीत शिकलेले मोठे विद्वान, आणि बराचसा अभ्यास त्यांच्याकडेच झाला. व्याकरणात काशीच्या शेष घराण्यातले वीरेश्वर हे त्याचे गुरू. तरुणपण 'दिल्लीवल्लभाच्या' तळहाताखाली गेलं असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. नूरजहानचा भाऊ आसफखान याच्यावर त्याने 'आसफविलास' लिहिला. त्याचा मोठा ग्रंथ 'रसगंगाधर'. काव्याची व्याख्या तो तीन शब्दांत करतो: 'रमणीयार्थप्रतिपादकः शब्दः काव्यम्', रमणीय अर्थ पोचवणारा शब्द म्हणजे काव्य. आणि सुरुवातीलाच बजावतो की या ग्रंथातली उदाहरणं माझी स्वतःची, दुसऱ्याचं काही घेतलेलं नाही; ज्याच्या अंगी कस्तुरी तयार करायची ताकद आहे तो हरिण फुलांचा वास मनात तरी आणेल का? हा माणूस नम्र नव्हता, हे सांगायला वेगळा पुरावा नको.

आता मुद्द्याकडे.

संस्कृत काव्यशास्त्रात नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' लिहून एक मोठी गोष्ट मांडली. शब्दाला सरळ अर्थ असतो. तो जुळेना तेव्हा निघणारा दुसरा, लाक्षणिक अर्थ असतो. पण यापलीकडे आणखी एक अर्थ असतो, जो कुठेच बोललेला नसतो आणि तरी ऐकणाऱ्याच्या मनात उमटतो. त्याला व्यंग्य अर्थ म्हणतात, आणि तो जिथे मुख्य होतो ते काव्य म्हणजे ध्वनी. शास्त्रातलं नेहमीचं उदाहरण आहे 'सूर्य मावळला'. गुराख्याने ऐकलं तर गुरं घराकडे वळवायची वेळ झाली. प्रियकराला भेटायला निघणारीने ऐकलं तर आता निघावं. वाक्य तेच, आणि यातला कुठलाही अर्थ शब्दकोशात सापडणार नाही.

यावर अकराव्या शतकात महिमभट्ट नावाच्या दुसऱ्या काश्मिरी पंडिताने प्रश्न टाकला की यात नवीन काय आहे? धूर दिसला की आपण अग्नी आहे असं अनुमान करतो. वाक्य ऐकलं की अर्थाचंही अनुमानच करतो. असा न बोललेला अर्थ सुचवणारी व्यंजना नावाची शब्दाची निराळी शक्ती कशाला हवी? हा आक्षेप साधा दिसतो, पण पचवायला जड आहे. पुढे मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त त्याला उत्तर दिलं, आणि ते देताना अमरुशतक या शृंगारिक श्लोकसंग्रहातला एक श्लोक वापरला. अप्पय्य आणि जगन्नाथ यांची खरी टक्कर या श्लोकावर आहे.

नायिकेने दूतीला प्रियकराकडे पाठवलंय, त्याला घेऊन ये म्हणून. दूती एकटीच परत येते आणि काहीतरी सबब सांगते. नायिका तिच्याकडे बघून म्हणते:

छातीच्या उतारावरचं चंदन पार गेलंय. खालच्या ओठाचा रंग पुसलाय. डोळ्यांना कडेपर्यंत काजळ राहिलेलं नाही. तुझं हे नाजूक अंग शहारलंय. खोटारडे दूती, आपल्या माणसाचं दुःख तुला कधी कळलंच नाही! तू इथून बारवेवर आंघोळीला गेलीस, त्या नीचाकडे गेलीच नाहीस.

वरवर वाक्य म्हणतं: तू आंघोळीला गेलीस. आतून म्हणतं: तू त्याच्याकडेच गेलीस, आणि निरोप द्यायला नव्हे. मम्मटाच्या मते हा उत्तम काव्याचा नमुना आहे आणि आतला अर्थ मुख्यतः 'अधम', म्हणजे नीच, या एका शब्दातून फुटतो.

अप्पय्यांनी 'चित्रमीमांसे'त हा श्लोक घेतला आणि पोलिसाने पंचनामा करावा तसा एकेक शब्द तपासला. चंदन कुठलं गेलं? उंचवट्यावरचं. आंघोळीने गेलं असतं तर सगळीकडचं गेलं असतं. फक्त उंचवट्यावरचं गेलं म्हणजे आलिंगन. ओठ कुठला पुसला? खालचा. पाणी काय वरचा ओठ सोडून देतं? म्हणजे चुंबन. काजळ गेलंय तेही कडांचंच. असं करत करत श्लोकातली प्रत्येक खूण आंघोळीला नाकारते आणि शृंगाराकडे बोट दाखवते, असं त्यांनी लावलं.

पहिल्यांदा वाचताना हे वाचन भारी वाटतं, खोटं कशाला बोलू. एकही शब्द वाया न घालवणारा वाचक दिसतो.

जगन्नाथ मात्र खवळतो. हे सगळं 'अलंकारशास्त्राचं तत्त्वच न कळल्यामुळे' झालंय, असं तो चक्क लिहितो. त्याचं म्हणणं साध्या मराठीत असं: खुणा जर फक्त शृंगारातच घडू शकणाऱ्या असतील, तर त्या पुरावा झाल्या. पुराव्यावरून निघालेला निष्कर्ष म्हणजे अनुमान. मग महिमभट्टाला हेच तर हवं होतं! मम्मटाने त्याला उत्तर देताना स्पष्ट सांगितलंय की चंदन जाणं वगैरे गोष्टी दुसऱ्या कारणानेही होतात, या श्लोकातच त्या आंघोळीचं कार्य म्हणून सांगितल्यात, त्यामुळे त्यांवरून काहीच पक्कं सिद्ध होत नाही. पुरावा लंगडा आहे, आणि तरीही अर्थ पोचतो; म्हणूनच तर व्यंजना मानावी लागते. अप्पय्यांनी लंगडा पुरावा धडधाकट केला आणि ज्या श्लोकाने ध्वनीचा किल्ला राखला होता त्याचा दरवाजा आतून उघडून दिला.

एवढ्यावर तो थांबत नाही. तो प्रत्येक खूण पुन्हा घेतो आणि आंघोळीनेच ती कशी होईल हे दाखवतो. हा भाग वाचताना हसू आवरत नाही. बारवेवर तरुणांची गर्दी, म्हणून बाई लाजून दोन्ही हात खांद्यांवर टेकवून छातीशी फुली घालते. मग हात पुन्हा पुन्हा घासले जाणार कुठे? उंचवट्यावरच. घाईत वरचा ओठ नीट धुतला गेला नाही. खालच्या ओठावर मात्र चुळा भरताना पाणी आणि दात घासताना बोट सारखं लागत राहिलं. डोळ्यांना नुसतं पाणी लागलं, चोळले नाहीत, म्हणून काजळ वरवरचंच गेलं. आणि अंग शहारलं ते गारठ्याने. पंडितराजांनी संस्कृतातल्या लांबलचक समासांत बाईची आंघोळ इतक्या गांभीर्याने लावून दाखवलीय की दिल्ली दरबारातले लोक हा माणूस का ठेवून घेत असतील ते कळतं.

यातून तो जे सिद्ध करतो ते असं. श्लोकातली प्रत्येक खूण दोन्हीकडे लागू पडली पाहिजे, आंघोळीलाही आणि त्या दुसऱ्या गोष्टीलाही. बोलणारी बाई चतुर आहे. आजूबाजूला लोक असू शकतात. ती उघड आरोप करणार नाही. कोणी ऐकलं तर 'मी आंघोळीचंच बोलत होते' म्हणायची सोय ती ठेवणारच. मग शेवटी 'अधम' येतो. प्रियकराला नीच का म्हटलं? आधीच्या काही अपराधांमुळे असेल, हा सरळ अर्थ. पण दूतीच्या अंगावरच्या खुणा समोर आहेत, आणि ऐकणारा त्या शब्दावर अडखळतो. तिथे आतला अर्थ उमटतो. दूतीला कळतं, आपल्याला कळतं, आणि बाईने मात्र काहीच म्हटलेलं नसतं.

माझ्या मते या फेरीत जगन्नाथ निर्विवाद जिंकतो. अप्पय्यांचं वाचन बारीक आहे, पण ते कवितेतली पळवाट बुजवून टाकतं, आणि त्या पळवाटेतच नायिकेचं चातुर्य होतं. दोन शतकांचा मराठी गद्यव्यवहार बघता, आपल्याकडच्या कित्येक रसग्रहणांनाही हा आक्षेप लागू पडेल.

सगळ्या फेऱ्या अशा नाहीत. उपमेची घ्या. अप्पय्य म्हणतात, उपमा ही एकच नटी आहे, ती वेगवेगळ्या भूमिका घेऊन काव्याच्या रंगमंचावर नाचते. मग ते एका 'चंद्रासारखं मुख' यातून अलंकारांची माळ काढून दाखवतात. मुखासारखा चंद्र म्हटलं की प्रतीप. मुख मुखासारखंच, तर अनन्वय. मुख हाच चंद्र, तर रूपक. हे मुख की चंद्र, तर ससंदेह. चंद्र समजून चकोर मुखामागे धावले, तर भ्रांतिमान. हे मुख नव्हे, चंद्रच, तर अपन्हुती. शाळेत अलंकार पाठ करून वैतागलेल्या माणसाला हे पान वाचून दाखवा; पाठांतराची यादी एकदम एका कुळासारखी दिसू लागते. शिक्षक म्हणून अप्पय्यांना तोड नाही.

जगन्नाथ इथे त्यांच्या व्याख्येला धरतो. अप्पय्यांनी उपमेला सादृश्याचं 'वर्णन' म्हटलंय. जगन्नाथ विचारतो, वर्णन म्हणजे काय, शब्द की ज्ञान? दोन्ही असेल तरी तो अर्थ होत नाही, मग उपमा हा अर्थालंकार कसा ठरेल? त्याची स्वतःची व्याख्या: वाक्यार्थाला खुलवणारं सुंदर सादृश्य म्हणजे उपमा. 'सुंदर' हा शब्द आत घेणं हे त्याचं मोठं काम आहे, कारण 'गाईसारखा गवा' हेही सादृश्यच, पण त्याला कोणी काव्य म्हणणार नाही. मात्र 'वर्णन' या शब्दावरचा हल्ला मला तरी केस कापल्यासारखा वाटतो. नव्यन्यायाच्या, म्हणजे काटेकोर व्याख्यांच्या तर्कशास्त्राच्या, भाषेत तरबेज झालेला माणूस व्याख्या दिसली की तिच्यात फट शोधतोच, आणि त्या काळच्या काशीत हीच पंडिताची कसोटी होती.

गंमत अशी की दोघे मुळात एकमेकांपासून फार लांब नव्हते. नुसत्या शब्दांच्या कसरतीत रस नसतो, अर्थाच्या अलंकारांकडे मात्र नीट बघावं, हे अप्पय्य सुरुवातीलाच सांगतात. जगन्नाथ तेच धोरण पुढे नेतो. जुने लोक काव्याच्या तीन प्रती मानत. तो चार करतो, आणि अर्थचमत्काराचं काव्य शब्दचमत्काराच्या एक पायरी वर ठेवतो. अलंकारांना इतकी जागा देणं, जुन्यांची मतं एकेक करून तपासणं, व्याख्या घासूनपुसून घेणं, ही रसगंगाधराची सगळी पद्धत अप्पय्यांनी आखलेल्या वाटेवरची आहे. जगन्नाथ हे कबूल करत नाही. 'द्रविडशिरोमणी' असा उपरोधाने त्यांचा उल्लेख करतो आणि पुढे जातो. स्वतः आंध्रातला!

मग एवढा राग का? अप्पय्य तर हयात नव्हते. उत्तर भट्टोजी दीक्षितांपाशी सापडतं, म्हणजे 'सिद्धान्तकौमुदी' लिहिणारे, ज्यांच्या पुस्तकावर आजही पाणिनीचं व्याकरण शिकवलं जातं. भट्टोजी काशीत शेष कृष्णांकडे शिकले. मग 'प्रौढमनोरमा' या ग्रंथात त्यांनी गुरूच्याच ग्रंथातल्या चुका काढल्या. शेष कृष्णांचे चिरंजीव वीरेश्वर, आणि वीरेश्वर हे जगन्नाथाचे गुरू. म्हणजे जगन्नाथाच्या डोळ्यांसमोर गुरुघराण्याचा अपमान झालेला. दुसरीकडे भट्टोजी अप्पय्यांना गुरू म्हणून वंदन करतात. तमिळ प्रदेशातल्या दीक्षितांचं वजन काशीत वाढलं त्यात भट्टोजींचा मोठा हात होता. भट्टोजींनी भर सभेत जगन्नाथाला 'म्लेच्छ' म्हटलं असाही एक श्लोक परंपरेत सांगतात. दरबारी पंडिताबद्दल काशीत काय कुजबुज होती याचा अंदाज त्यावरून येतो.

वीरेश्वरांच्या मुलाने प्रौढमनोरमेचं खंडन आधीच केलं होतं. तरीही जगन्नाथाने 'स्वतःच्या बुद्धीची परीक्षा म्हणून' आणखी एक खंडन लिहिलं आणि नाव ठेवलं 'मनोरमाकुचमर्दन'. मनोरमा हे पुस्तकाचं नाव आणि स्त्रीचंही. बाकीचं वाचकाने समजून घ्यावं. अप्पय्यांच्या 'मुखमर्दना'नंतर हे नाव वाचलं की कळतं, असभ्यपणातही तो गुरूच्या वैऱ्याचा गुरू मोजूनमापून गाठतोय. आजच्या वाचकाला हे नाव खटकणार, आणि खटकावंच.

'चित्रमीमांसे'वरचं खंडनही त्याने वेगळं काढलं. रसगंगाधरात दाखवलेले दोष एकत्र करून 'चित्रमीमांसाखंडन' केलं आणि सुरुवातीला आव्हान दिलं: मी नीट विचार करून दाखवलेले हे दोष कोणी मत्सर न बाळगता दूर करून दाखवले, तर त्या उज्ज्वल बुद्धीच्या माणसाचे पाय मी डोक्यावर घेईन.

पुढे हे आव्हान स्वीकारणारा निघाला तो मराठी माणूस. नागेशभट्ट काळे, काशीत राहणारे, भट्टोजींचे नातू हरि दीक्षित यांचे शिष्य. म्हणजे विरोधी गोटातलेच. व्याकरणातलं त्यांचं नाव एवढं मोठं की काव्यशास्त्रातलं काम मागे पडतं. त्यांनी रसगंगाधरावर टीका लिहिली, 'गुरुमर्मप्रकाश'. टीकाकाराने मूळ ग्रंथाची बाजू घ्यावी हा रिवाज. नागेश मात्र जागोजागी थांबून अप्पय्यांचा बचाव करतात आणि पंडितराजांचा आक्षेप कुठे लागू पडत नाही ते दाखवतात. सगळीकडे पटतात असं नाही. पण वैऱ्याच्या घराण्यातला विद्वान इतक्या मन लावून ग्रंथ समजावून देतो आणि त्याच ग्रंथाशी भांडतो, हे मला कुचमर्दनापेक्षा जास्त पंडिती वाटतं.

रसगंगाधरही पुरा झाला नाही. 'उत्तर' नावाच्या अलंकारापाशी तो तुटतो. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने काव्यमालेत १८८८ साली तो नागेशभट्टांच्या टीकेसह छापला, आणि पाच वर्षांनी 'चित्रमीमांसा' व 'चित्रमीमांसाखंडन' एकाच बांधणीत काढले. अभ्यास करायचा असेल तर हा दुसरा खंड आधी घ्यावा. अप्पय्यांचं एक प्रकरण वाचायचं, मग पुस्तकाच्या मागच्या भागात जाऊन त्यावरचा मार वाचायचा, आणि कोण बरोबर ते आपलं आपण ठरवायचं. 'निःशेषच्युतचन्दनम्' या, म्हणजे वरच्या दूतीच्या, श्लोकाचा पूर्ण वाद मात्र रसगंगाधराच्या पहिल्या भागात, उत्तमोत्तम काव्याच्या चर्चेत आहे.